फेस आला म्हणजे साफ झालं?

मंडळी, आजचा विषय संडास-बाथरूमचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या, मग या.

आमच्या बीडकडे हा विषय वर्षातून दोनदा निघतो. एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा घरात कार्य निघालं की. "पाहुणे यायच्या आत जरा ऍसिड मारून घ्या" असं कुणीतरी म्हणतं. कुणीतरी जाऊन बाटली आणतं. फरशीवर ओतल्यावर चर्रर्र आवाज होतो, पांढरा फेस उठतो, धूर निघतो, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, आणि घरातली वडीलधारी मंडळी दारातूनच समाधानाने सांगतात, "बघा, केवढा मळ होता!"

माझं भांडण या समाधानाशी आहे. तो फेस बऱ्याचदा मळाचा नसतोच. तो तुमच्या फरशीचा असतो.

आधी पाण्याबद्दल बोलू, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. आपला जिल्हा बसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही आष्टी-पाटोद्याकडे त्याचा हात आखडताच. नळाला पाणी कितीतरी दिवसांआड, म्हणून घरोघरी बोअर. पाणी दगडात जितका जास्त काळ मुरतं, तितके कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्यात जास्त विरघळतात. म्हणून बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, केसांच्या जटा होतात आणि साबण कितीही घासला तरी फेसाळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012 ची आवृत्ती) हा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. आपल्याकडच्या कित्येक बोअरना हे 'चालवून घ्यायचं' कलमच लागू पडतं.

शाळेत अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणायचे, आठवतं का? ज्यात साबणाचा फेस होत नाही ते. गंमत बघा, साबणाचा फेस होत नाही म्हणून आपण ऍसिडचा फेस काढत बसतो!

हे पाणी फरशीवर, नळावर, भिंतीवर पडतं आणि तिथेच वाळतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यातच अंघोळीच्या साबणाशी या क्षारांचं जमतं आणि एक चिकट, पांढरट साय तयार होते. आपण ज्याला 'बाथरूमचा मळ' म्हणतो तो मुख्यतः या दोन गोष्टींचा असतो, क्षारांचा थर आणि साबणाची साय. माणसाच्या अंगाचा मळ त्यात थोडाच. म्हणजे फरशी घाण होते ती पाणी साचून वाळल्यामुळे. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता त्या फेसाकडे येऊ.

जुन्या घरांच्या मोरीत शहाबादी फरशी असते. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद म्हणून गाव आहे, त्याच्यावरून हे नाव. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि तुमच्या नळावर जो पांढरा थर बसतो तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. ऍसिडला या दोन्हींतला फरक कळावा तरी कसा? ते बिचारं दोन्ही खातं. कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, तोच तो फेस. एक मिलिमीटरचा क्षार काढायला गेलात आणि खालचा दगडही थोडा विरघळवून गटारात सोडलात. संगमरवर, मोझॅकच्या लाद्यांमधले संगमरवराचे तुकडे, सिमेंटचा कोबा, सगळ्यांची हीच गत. मग ती फरशी खडबडीत होते, तिच्या बारीक बारीक छिद्रांत मळ आणखी घट्ट बसतो, आणि पुढच्या दिवाळीला एकाऐवजी दोन बाटल्या लागतात. वर पुन्हा "आजकालचा मालच खराब" म्हणून फरशीवाल्याला शिव्या!

"आमच्याकडे सिरॅमिकच्या टाइल्स आहेत, त्यांना काही होत नाही." होय, टाइलच्या चकाकीला सहसा काही होत नाही. पण दोन टाइल्समधल्या सांध्यात काय भरलेलं असतं? बहुतेक घरांत पांढरं सिमेंट. ऍसिड ते कुरतडतं. सांधे मोकळे झाले की पाणी टाइलच्या मागे शिरतं, आणि दोन वर्षांनी पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटायला लागले की आपण रंगाऱ्याला बोलावतो. नळांवरचा क्रोमचा मुलामा जातो तो वेगळाच. दाराच्या बिजागऱ्या, कडी, गीझरची पत्र्याची बॉडी यांना ऍसिडचा थेंबही लागला नाही तरी नुसत्या वाफेने गंज चढतो. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर होत असतं आणि तरी आपण म्हणतो, ऍसिडशिवाय निघतच नाही.

शिवाय पाणी! ऍसिड टाकलं की ते धुऊन काढायला बादल्यांवर बादल्या लागतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं, ते साऱ्या देशाने पाहिलं. ज्या मांजरा धरणावर लातूरची भिस्त, ते धरण धनेगावला, म्हणजे आपल्याच केज तालुक्यात. आपलंच धरण कोरडं पडलेलं पाहिलेली माणसं आपण. हंडा-हंडा मोजून वापरलेल्या आपल्यासारख्यांनी तरी सफाईची अशी पद्धत निवडू नये, जिचं निम्मं काम म्हणजे नुसतं पाणी ओतणं आहे.

आता दुसरा फेस. हा जिवावर बेततो, म्हणून जरा गंभीरपणे सांगतो.

ग्रामपंचायतीचा पाणीवाला विहिरीत किंवा टाकीत टाकतो ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी शुद्ध करायला ती उत्तम. पण "टीसीएलने जंतू मरतात, ऍसिडने मळ निघतो, मग दोन्ही टाकू, दुप्पट साफ होईल" असा हिशोब कुणीतरी करतं. टीसीएल आणि ऍसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर सोडला होता. तो हवेपेक्षा साधारण अडीचपट जड, त्यामुळे खाली बसतो. आता आपलं बाथरूम डोळ्यांसमोर आणा. चार बाय सहाची खोली, खिडकी वीतभर आणि तीही बंद, आणि खाली उकिडवी बसून फरशी घासणारी बाई. वायू जिथे साठतो, तिथेच तिचं नाक असतं. ठसका लागला की आपण म्हणतो, "ऍसिड कडक आहे हो, चांगलं आहे."

दोन वेगवेगळ्या बाटल्या कधीही एकत्र करायच्या नाहीत. संडासाच्या भांड्यातही नाहीत, बादलीतही नाहीत, एकीच्या मागोमाग दुसरी तर नाहीच नाही. चुकून झालंच आणि उग्र वास आला, तर "आता एवढं उरकून घेते" म्हणत बसायचं नाही. आहे तसं टाकून बाहेर मोकळ्या हवेत यायचं. अंगावर ऍसिड उडालं तर हळद, लिंबू, सोडा असलं काही लावायचं नाही. वीस मिनिटं वाहतं पाणी सोडायचं आणि मग डॉक्टर. पोटात गेलं असेल तर उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

पोटात कशाला जाईल, असं वाटतंय? कारण सुट्टं ऍसिड आपल्याकडे पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत मिळतं आणि घरात ते मोरीच्या कोपऱ्यात, लहान पोराच्या हाताला येईल असं ठेवलेलं असतं. खरं तर 18 जुलै 2013 ला सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी या ऍसिडहल्ल्यातून वाचलेल्या मुलीच्या याचिकेवर सांगितलं, की विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघावं, कारण लिहून घ्यावं, अठराच्या खालच्याला विकू नये. आता सांगा, तुमच्याकडे शेवटचं ओळखपत्र कुणी कधी मागितलं होतं? सुट्टं ऍसिड साधारण 30 टक्क्यांचं असतं. दुकानातल्या संडास-क्लीनरच्या बाटलीमागे बारीक अक्षरं असतात, ती वाचा. त्यातही बहुधा हेच ऍसिड असतं, पण सुमारे 10 टक्के, आणि तेही फक्त संडासाच्या चिनी मातीच्या भांड्यासाठी. फरशीसाठी नाही, नळासाठी नाही आणि बेसिनच्या स्टीलच्या जाळीसाठी तर नाहीच.

तिसरा फेस अलीकडचा आहे आणि तो मोबाइलवरून आलाय. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून टाका, म्हणे सगळं चकाचक. फसफसतं मस्त, व्हिडिओत छानच दिसतं. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळपास मीठ-पाणी. वेगवेगळे वापरले असते तर दोघांनीही थोडंफार काम केलं असतं. निदान यात कुणी मरत नाही, एवढंच बरं :)

वासाचीही अशीच गंमत. बाथरूमला वास येतो म्हणून फिनेल ओतायचं, डांबराच्या गोळ्या टाकायच्या. मळाचा थर तसाच ठेवून वरून फिनेल ओतलं तर जंतूंपर्यंत ते धड पोचतच नाही. आधी घासायचं, मग जंतुनाशक टाकायचं आणि टाकल्याबरोबर धुवायचं नाही, दहा मिनिटं तरी राहू द्यायचं. आणि दुर्गंधी बऱ्याचदा फरशीची नसतेच, ती जाळीखालच्या ट्रॅपमधून येते. त्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. भारतातल्या बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी तिथे जाऊन बसलीय! वापरात नसलेल्या बाथरूममध्ये हे पाणी उडून जातं आणि वास मोकाट सुटतो. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्यांची घरं दिवाळीनंतर चार-सहा महिने बंद असतात. परत आल्यावर वास मारला तर आधी तांब्याभर पाणी जाळीत ओता. फुकटात काम होतं.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण चुकीचीच जागा घासतो. फरशी चकचकीत, पण पाण्याचं पिंप आतून कधी घासलं? पाणी कितीतरी दिवसांनी येतं म्हणून आपण पिंपं, टाक्या, हौद भरून ठेवतो. डेंग्यूचा एडिस डास तिथेच, पाण्याच्या रेषेजवळ आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. पाणी नुसतं ओतून दिलं तरी अंडी जात नाहीत. कोरडी राहून ती महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं. रिकामं करा, आतून घासा, वाळवा, मग भरा आणि झाका. यात ऍसिडचा थेंब लागत नाही, लागतो तो काथ्या आणि मनगट. पण पिंपाचं पोट पाहुण्यांना दिसत नाही ना, फरशी दिसते! तीच गोष्ट मगाच्या मुठीची, नळाच्या चावीची, दाराच्या कडीची, दिव्याच्या बटणाची. संडासातून आलेला हात आधी तिथेच लागतो आणि तेच कुणी पुसत नाही.

आता जरा कडू बोलतो. घरातल्या मंडळींनी रागावू नये, किंवा रागवावं.

हे सगळं करतं कोण? एक तर घरातली बाई, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. अनवाणी, हातमोजे नाहीत, पदर नाकाला. ज्या ऍसिडने आपल्या महागड्या नळाचा मुलामा जाईल म्हणून आपण हळहळतो, तेच ऍसिड मावशींच्या बोटांच्या चिरांमध्ये जातं याचं आपल्याला काही वाटत नाही. रबरी हातमोजांची जोडी फार महाग नसते. आपण दिवाळीत उटण्यावर याहून जास्त खर्च करतो. आणि ज्या घरात "ऍसिड मारा" असा हुकूम सोडणारा पुरुष स्वतः कधी खाली बसून फरशी घासत नाही, त्याला सफाईच्या पद्धतीबद्दल मत असायचा अधिकार किती, हे मी विचारून ठेवतो.

आणि मावशींच्याही पलीकडे एक माणूस असतो, जो आपल्याला कधी दिसतच नाही. आपण भांड्यात ओततो ते सेप्टिक टँकमध्ये जातं. टँकमध्ये मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. अधूनमधून थोडं क्लीनर गेल्याने बिघडत नाही, पण बाटल्याच्या बाटल्या ऍसिड, फिनेल, ब्लीचिंग गेलं की जिवाणू मरतात, मैला कुजत नाही आणि टँक लवकर भरतो. गावात दोन शोषखड्ड्यांचे संडास आहेत, त्यांचंही तेच. एका खड्ड्यातल्या मैल्याचं खत व्हावं म्हणून तर दुसरा असतो. टँक भरला की कुणालातरी बोलवावं लागतं. 2013 चा कायदा सांगतो की संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवायचं नाही. तरी 2023 च्या मे महिन्यात शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. ते मृत्यू ऍसिडमुळे झाले असं मी म्हणत नाही. त्या टँकमध्ये विषारी वायू तसाही असतो. पण जो टँक दहा वर्षं उघडावा लागला नसता तो चार वर्षांत उघडावा लागला, तर तेवढ्या वेळा एखादा जीव त्या तोंडापाशी उभा राहतो. आपल्या चकचकीत फरशीचा हिशोब तिथपर्यंत जातो.

"मग करायचं काय?" सांगतो. अगदी साधं आहे.

रोज अंघोळ झाली की प्रत्येकाने आपापलं पाणी वायपरने ओढायचं, भिंतीवरचं कमरेपर्यंत आणि फरशीवरचं जाळीपर्यंत. दोन मिनिटं लागतात. मग खिडकी उघडी. मघाचं वाक्य आठवा, पाणी जागच्या जागी वाळलंच नाही तर थर बसायला क्षार येणार कुठून? जुन्या वाड्यांतल्या न्हाणीला वरून ऊन यायचं, सांडपाणी मागच्या अळूला आणि केळीला जायचं, दुपारपर्यंत न्हाणी खडखडीत. आपण खोली बंद केली, ऊन बंद केलं आणि त्याची भरपाई बाटलीने करायला गेलो.

आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात धुण्याची पावडर किंवा धुण्याचा सोडा कालवून दहा मिनिटं ठेवायचं आणि ब्रशने घासायचं. साबणाची साय याने सुटते. वरून खाली यायचं, आधी भिंत मग फरशी. संडासाचा ब्रश संडासालाच, बेसिनचा बेसिनलाच. त्याच दिवशी पिंप घासायचं, कड्या-मुठी पुसायच्या.

महिन्यातून एकदा नळांवरच्या थरासाठी किराणा दुकानातलं लिंबाचं फूल (सायट्रिक ऍसिड) गरम पाण्यात विरघळवून त्यात फडकं भिजवायचं आणि नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवायचं. मग घासून, धुऊन, पुसायचं. तांब्याचा बंब चिंचेने घासणाऱ्या आपल्या आज्यांना हे नवीन नाही. मात्र शहाबादी, संगमरवर आणि मोझॅक यांना हेही नको, चुनखडीला लिंबूही खातंच. तिथे सोडा, ब्रश, आणि फारच जुना थर असेल तर पाणी घालून बारीक पॉलिश पेपर. निघेल तेवढा निघेल. उरला तर उरू द्या. दगडावरच्या डागाने कुणी आजारी पडत नाही.

संडासाच्या भांड्याला क्लीनर लावायचं तर थोडं, कडेच्या आत, पंधरा-वीस मिनिटं, हातमोजे घालून. त्या दिवशी टीसीएल त्या खोलीत आणायची सुद्धा नाही.

काही जण म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? माणशी दोन मिनिटं रोजची, आणि तीही आपापल्या अंघोळीनंतरची. आता हे काम एकट्या आईवर टाकणार असाल, तर वेळ खरंच नाही. तिला तो कधीच नव्हता. म्हणून वायपर बाथरूमच्या आत, दारामागे, सगळ्यांच्या हाताला येईल असा टांगा. लहान पोरांच्याही. त्यांना तर पाणी ओढायला मजाच येते, अजून त्यांना हे काम हलकं आहे असं कुणी शिकवलेलं नसतं.

असो. फार झालं. येत्या दिवाळीला कुणी "ऍसिड मारा" म्हणालं, तर त्याच्या हातात आधी हातमोजे आणि ब्रश द्या आणि म्हणावं, बसा खाली.